तीन नंबरचा दात

बाबा: दोनच म्हण. दोन म्हटलं की माणूस चुकला असं वाटतं. चौदा म्हटलं की खोड वाटते.

खारू: पण कवळ्या चौदाच आहेत, बाबा.

बाबा: त्यांना कुठं माहीत आहे?

खारू: बारा माहीत आहेत. शुक्रवारी जुन्या चिठ्ठ्या काढून मोजल्या त्यांनी. उरलेल्या दोन फक्त मला माहीत आहेत.

बाबा: मग बारा म्हण. दोन तरी वाचव.

खारू: बाबा, तुम्ही भाजीचा भाव करताय का?

बाबा: मी तुझी नोकरी वाचवतोय. नऊ महिने झाले, उद्या पक्की व्हायची, आणि उद्याच तू म्हणतेस मी सगळं ओकणार. तुझी आई सकाळपासून तीच ती ओट्याची फरशी पुसते आहे.

आई: मी ऐकतेय हं. फरशी खराब झाली होती म्हणून पुसतेय.

खारू: आई, ये ना इकडे. दिसत नाहीयेस.

आई: दिसायला काय ठेवलंय? तू जेवलीस का ते सांग.

खारू: इथं अजून सकाळ आहे, आई.

बाबा: ते असू दे. हे बघ खारू, काल तू निम्मा वेळ रडत होतीस आणि उरलेला निम्मा वेळ आवाज तुटत होता. मला एवढंच कळलं की कुणीतरी म्हातारी तुझ्यावर उलटली. पहिल्यापासून सांग, मग काय बोलायचं ते मी ठरवतो.

खारू: म्हातारी नाही, साठीची असेल. तिचं टेबल खिडकीपाशी आहे, म्हणून मी आपली मनात तिला खिडकीवाली म्हणते. एकतीस वर्षं ती त्या खिडकीपाशी कवळ्या करते आहे. ज्यांचे चारपाच दात गेलेत आणि बाकीचे शाबूत आहेत, असे लोक आमच्याकडे येतात. ती त्यांना उजेडात बसवते, नमुन्याच्या दातांची पट्टी तोंडाशी धरते आणि रंग ठरवून चिठ्ठीवर नंबर लिहिते.

बाबा: आपल्या कारखान्यासारखंच. एक नंबर पांढरा, पुढे पिवळे होत जातात.

खारू: तेच. माझं टेबल तिच्या शेजारी. मीही समोरच्या माणसाचं तोंड बघायची, आणि पाच महिन्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं की दोन नंबरच्या माणसाला तिनं तीन नंबर लिहिला.

बाबा: होतं एखाद्या वेळी. ढग आला असेल.

खारू: मलाही तसंच वाटलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. पांढऱ्यातला पिवळा तिला कळेनासा झाला होता.

बाबा: मग तू काय केलंस?

खारू: दुपारी सगळे बाहेर बाकांवर बसून डबा खातात. मी म्हणायची, तुम्ही व्हा पुढे, मी आले. आणि तिनं मेणात बसवलेले तीन नंबरचे दात गरम सुरीनं काढून दोन नंबरचे बसवायची. वीस मिनिटांचं काम. संध्याकाळी ती कवळी पक्की व्हायला भट्टीत जायची. कुणाला काही कळत नव्हतं.

बाबा: बरं केलंस. यात चूक कुठली? उलट तिची अब्रू राखलीस.

खारू: मीही तेच समजत होते. चिठ्ठी मात्र तिच्या हातची असायची, आणि त्यावर नंबर तीनच राहायचा.

बाबा: हं. आलं ध्यानात.

आई: मला नाही आलं.

खारू: अगं, एका गृहस्थांची कवळी तोंड धुताना हातातून पडली आणि एक दात तुटला. त्यांच्या डॉक्टरांनी एक दात मागवला. आमच्या लोकांनी चिठ्ठी बघून तीन नंबरचा पाठवला. शुक्रवारी ते गृहस्थ स्वतःच आले, खुर्चीत बसले आणि तोंड उघडून म्हणाले, पाच पांढरे आणि एक पिवळा, हे कुठलं गणित?

आई: चांगले आहेत बिचारे. आपल्याकडे असते तर आख्खी गल्ली गोळा केली असती.

खारू: खिडकीवालीला स्वतःचं अक्षर ओळखू येत होतं, आणि दात तिनं लावलेले नव्हते. तिनं वळून खोलीत विचारलं, हे कुणी केलं? मुख्य बाई, म्हणजे मालकीण, सोडून आम्ही अकरा माणसं आहोत. एकेकाकडे बघत ती माझ्यापर्यंत आली.

बाबा: आणि तू लगेच हात वर केलास. हरिश्चंद्राची वंशज.

खारू: नाही ना. मी मान खाली घालून मेण वितळवत बसले. तासभर. तेवढ्या वेळात मुख्य बाई आणि ती जुन्या चिठ्ठ्या घेऊन बसल्या. आमच्याकडे प्रत्येक कवळीचा फोटो काढून चिठ्ठीला जोडतात. मुख्य बाई फोटो बघून रंग सांगत होत्या आणि खिडकीवाली चिठ्ठीवर खूण करत होती. फोटोतला रंग तिला कळत नव्हता ना. बारा खुणा झाल्यावर मला बसवेना. मी उठून सांगितलं.

बाबा: काय म्हणाली?

खारू: आधी विचारलं, तुला केव्हापासून माहीत आहे? मी म्हटलं, पाच महिने. तेव्हा ती म्हणाली, पाच महिने तू माझे डोळे माझ्यापासून लपवून ठेवलेस. आणि कोट घालून घरी गेली. साडेअकराला. एकतीस वर्षांत ती कधी साडेअकराला घरी गेली नव्हती म्हणे.

बाबा: नाटकी बाई दिसते.

खारू: नाही हो. इथं आले तेव्हा मला बस कुठं बदलायची तेही माहीत नव्हतं. ती तीन दिवस स्वतःची बस सोडून माझ्या बसमध्ये बसली आणि प्रत्येक थांब्याला बोटानं दाखवत गेली. बोलली एक शब्द नाही. थंडी सुरू झाली तर माझ्या टेबलावर हातमोजे. पुन्हा एक शब्द नाही.

बाबा: मग अशा बाईला तोंडावर सांगायचं, की तुला दिसत नाही? तू केलंस तेच बरोबर. मोठ्या माणसाची चूक लहानानं पदरात घ्यायची, एवढं तरी त्या लोकांना कळायला हवं.

खारू: त्यांना तेच तर कळत नाही, बाबा. इथलं सगळंच उलटं आहे. पहिल्या दिवशी मुख्य बाई खोलीत आल्या तशी मी उठून उभी राहिले. त्यांनी मागं वळून बघितलं, कोण पाहुणे आलेत म्हणून. इथं त्यांना नावानं हाक मारतात. सगळे. माझ्या तोंडून काही केल्या निघेना, मग त्यांचं लक्ष वेधायला मी खोकायची. दोन आठवड्यांनी त्यांनी माझ्या टेबलावर खोकल्याच्या गोळ्या आणून ठेवल्या.

आई: आणि तू त्या खाल्ल्यास?

खारू: महिनाभर.

बाबा: हसताय काय दोघी? उद्या नोकरी जायची वेळ आली आहे.

खारू: आणि 'चारपर्यंत होईल का?' विचारलं की मी 'हो' म्हणायची. तुम्ही शिकवलेलं, गिऱ्हाइकाला नाही म्हणू नये. चार वाजता काम झालेलं नसायचं. एकदा मुख्य बाई म्हणाल्या, तुझ्या 'हो'चं काय करायचं ते मला कळत नाही, त्यापेक्षा 'नाही' म्हण, त्याचा मला उपयोग होईल.

बाबा: विचित्रच.

खारू: आणि ती वही.

बाबा: हं, ती वही काय भानगड आहे? काल तू तीनदा म्हणालीस, वही, वही.

खारू: दारापाशी दोरीला एक जाड वही टांगलेली आहे. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं स्वतः लिहायची. तारीख, काय बिघडलं, आणि कारण. तीन रकाने. दर सोमवारी सकाळी सगळे उभे राहतात आणि जो तो आपलं आपलं वाचतो.

बाबा: सगळ्यांदेखत? शाळेत अंगठे धरून उभं करायचे तसं?

खारू: तसं नाही. कुणी हसत नाही, कुणी च् च् करत नाही. मुख्य बाईसुद्धा वाचतात. मागच्या सोमवारी त्यांनी वाचलं, मी एका डॉक्टरांना चुकीची तारीख दिली, कारण कॅलेंडर न बघता बोलले. मग सगळे आपापल्या टेबलाशी गेले.

बाबा: मालकच चुका कबूल करायला लागला तर नोकरांनी करायचं काय?

खारू: आठ महिने माझं पान कोरं होतं.

बाबा: शाबास.

खारू: मलाही वाटलं, शाबासकी मिळेल. मुख्य बाईंनी बोलावलं तेव्हा मी केस विंचरून गेले. त्या म्हणाल्या, तुझं पान कोरं आहे, मला काळजी वाटते. चुका होत असणारच. तुला दिसत नसतील तर मी तुला शिकवीन. पण दिसूनही तू लिहीत नसशील तर मला काय करावं कळत नाही.

बाबा: आणि आता काय म्हणतात?

खारू: शुक्रवारी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रडून मोकळी झाले असते. त्या म्हणाल्या, तू दात बदललेस यावरून मी काही ठरवणार नाही. सोमवारी वहीतून काय वाचतेस त्यावरून ठरवीन.

बाबा: मग झालं तर. उभी राहा. म्हण, मी नवी आहे, मला इथली रीत माहीत नव्हती, दोन-चार वेळा गैरसमजानं झालं, क्षमा असावी. मान खाली घाल. विषय मिटला.

खारू: कारणाचा रकाना आहे ना, बाबा.

बाबा: लिही काहीतरी. दया आली म्हणून.

खारू: शुक्रवारी तेच लिहिलं होतं. मदत करायची होती म्हणून. मुख्य बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, हे कारण नाही, ही तुझी भावना झाली. असं करायचं हे तुला सुचलं कुठून, ते लिही. कालपासून मी पेन घेऊन बसले आहे.

बाबा: सुचायला काय लागतं? चार भिंतींत वाढलेल्या कुठल्याही पोरीला सुचेल. खारू, मी पस्तीस वर्षं कारखाना चालवला. समोरच्या दोन खोल्यांत, दोन टेबलांवर. चुका झाल्या नाहीत का? झाल्या. पण त्या दोरीला टांगून ठेवल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याकडं एक कवळी परत आली नाही. आणि रंगाच्या बाबतीत तर नाहीच नाही. शेवटचं वर्षभर डोळ्यांत मोतीबिंदू होता माझ्या, पिकलेला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला मी सांगितलं, या डोळ्यांनी मी वर्षभर रंग लावलेत. त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, काका, तुमची बोटं बघत असतील.

आई: चहा गार होतोय तुमचा.

बाबा: होऊ दे. ऐकतेस ना, खारू? आवाज गेला का?

खारू: आहे मी.





आई: खारू, तुझ्या खोलीतलं ते गरम करायचं यंत्र दुरुस्त झालं का? मागं म्हणत होतीस.

बाबा: यंत्र कुठं मध्येच? थांब जरा. मला एक सांग, खारू. तू तिथं नवी. भाषा धड येत नाही, बस कळत नाही, खोटं खोटं खोकतेस. अशा वेळी माणूस आपल्या टेबलापलीकडं बघत नाही. तुला तिची चूक दिसली कशी? तीही दोन आणि तीनमधली? एकतीस वर्षं काम केलेल्या बाईबद्दल शेजारच्या दहाजणांना जे दिसलं नाही ते तुला चार महिन्यांत दिसलं?

खारू: सवय होती, बाबा.

बाबा: कसली सवय?

आई: अहो, चहा घ्या आधी.

बाबा: तू थांब. कसली सवय, खारू?

खारू: दुसऱ्याची चिठ्ठी वाचून तोंडाकडं बघायची.

बाबा: दुसऱ्याची म्हणजे कुणाची? आपल्याकडं तर आपण दोघंच होतो.



आई: मीच सांगितलं होतं तिला. तिला बोलू नका.

बाबा: काय सांगितलं होतंस?

आई: ती घाबरून माझ्याकडं आली होती. म्हणाली, बाबांना रंग कळत नाहीयेत, काय करू? मी म्हटलं, त्यांना सांगू नकोस, खचतील. तुला जमेल तेवढं सावरून घे. दुपारी त्यांना झोपवायचं काम माझं.

बाबा: म्हणजे ते रोज जेवण झालं की 'पडा जरा, पडा जरा' चाललं होतं ते...

आई: तुम्हाला पडायचं नसायचं. मी पंखा मोठा करायची, की तुम्हाला पाच मिनिटांत डोळा लागायचा.

बाबा: वर्षभर?

आई: वर्षाला थोडे दिवस कमी.

बाबा: आणि मी उठेपर्यंत ही तिकडे गरम सुरी घेऊन.

खारू: आपल्याकडं चिठ्ठ्या मीच लिहायची ना, बाबा. तुम्ही नंबर सांगायचात, मी लिहायची. म्हणून कधी सापडलं नाही. इथं चिठ्ठी तिच्या हातची होती.

बाबा: हं. तेवढीच तुझी चूक झाली म्हणायची. धंद्यातली.

खारू: बाबा, असं बोलू नका ना.

बाबा: काय बोलू मग? गावभर सांगत फिरलो मी. त्या डॉक्टरला सांगितलं. तुझ्या मामाला सांगितलं. लग्नाकार्यात लोकांना थांबवून थांबवून सांगितलं, की मोतीबिंदू घेऊन रंग लावले. आणि ही शेजारी उभी राहून मान डोलवायची. खारू, फोनवर तूही डोलवलीस.

खारू: हो.

बाबा: कारखाना बंद करा म्हणून तू पाठीशी लागलीस, तेही यासाठीच?

खारू: मला इथली नोकरी लागली होती. मी गेल्यावर दुपारी कोण बसणार होतं? पहिल्याच आठवड्यात कवळी परत आली असती. मला ते बघवलं नसतं. म्हणून म्हटलं, पुरे आता, आराम करा.

बाबा: मी समजलो, पोरीला बापाची दमछाक दिसली. चारचौघांत सांगितलं, मुलीचा शब्द मोडवेना.

खारू: बाबा.

बाबा: कारखाना बंद केला आणि चार महिन्यांनी डोळे केले. अर्ध्या तासाचं काम. पट्टी सोडली तेव्हा पहिली ही दिसली. मी म्हटलं, ही साडी नवी का? म्हणाली, सहा वर्षं जुनी आहे. इतका स्वच्छ रंग. त्याच दिवशी मी समोरच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. टेबलं तोवर गेली होती. भिंतीवर नुसत्या त्यांच्या खुणा.

आई: तेव्हा मला बोलला नाहीत.

बाबा: तू मला काही बोलली होतीस?

खारू: सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असता, बाबा.

बाबा: चिडलो असतोच. पट्टी फेकून दिली असती. आठ दिवस तुझ्याशी बोललो नसतो.

आई: पंधरा.

बाबा: बरं, पंधरा. पण सोळाव्या दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो, खारू. महिन्याभरात परत टेबलाशी बसलो असतो. अजून चार-पाच वर्षं तरी बसलो असतो.

खारू: माझी चूक झाली. खरंच चूक झाली, बाबा. तिचं वाक्य ऐकलं ना, पाच महिने माझे डोळे लपवलेस, तेव्हा मला ती दिसतच नव्हती. तुम्ही दिसत होतात. समोरच्या खोलीत, वर दिवा लावून. म्हणून मला दोन रात्री झोप नाही. नोकरीसाठी नाही.

बाबा: रडू नकोस. रडलीस की आवाज तुटतो.

आई: डोळे पूस, खारू. आणि काहीतरी खा.

बाबा: त्या बाईचं पुढं काय? गेली ती गेली?

खारू: काल, शनिवारी, आली होती. आमची शनिवारी अर्धी पाळी असते. माझ्याशी बोलली नाही. बाहेर डबा खातानाही भिंतीकडं तोंड करून बसली. डोळे तपासायची तारीख घेतली आहे, असं दुसऱ्यांना सांगत होती. आणि जाताना तिनं नमुन्याची पट्टी माझ्या टेबलावर ठेवली.

बाबा: कुठली? तिची?

खारू: तिचीच. एकतीस वर्षांची, कडा झिजलेली. काही न बोलता ठेवली आणि गेली. मला कळेना, ती मला टोमणा मारत होती की काय. घे, तुलाच जास्त कळतं ना, असं.

बाबा: टोमणा मारायचा तर माणूस तोंडानं मारतो. तुला ती आजवर तोंडानं काही बोलली आहे का? बस दाखवली तीही बोटानं.

खारू: नाही.

बाबा: सोमवारी माणसं येणार, त्यांचे रंग कुणीतरी बघायला हवेत. तिला दिसत नाही हे तिला आता कळलं आहे. मग काम ज्याला दिसतं त्याच्याकडं. राग गेला असं समजू नकोस. राग राहील. माझाही राहणार आहे. पण मी तिच्या जागी असतो तर मीसुद्धा पट्टी तुझ्याच टेबलावर ठेवली असती.

खारू: खरंच?

बाबा: आधी फेकली असती. मग उचलून ठेवली असती.

आई: हे मात्र खरं.

बाबा: किती होत्या?

खारू: चौदा. सांगितलं ना.

बाबा: तिच्या नव्हेत. माझ्या.

खारू: मोजल्या नाहीत.

बाबा: लहानपणी मेणाचे तुकडे चोरून खायचीस तेसुद्धा मोजून खायचीस. म्हणून तर खारू नाव पडलं. किती?

खारू: एकोणीस.

बाबा: एकोणीस.

आई: अहो, झालं गेलं.

बाबा: होऊन गेलं म्हणूनच विचारतोय. तो कंडक्टर होता, त्याचे समोरचे दोन?

खारू: ते तुमचेच. त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

बाबा: आणि वाचनालयातल्या बाई?

खारू: त्या माझ्या.

बाबा: अजून भेटल्या की मुद्दाम हसून दाखवतात मला. परवाच दाखवलं.

खारू: हसू द्या ना त्यांना. बसवायची पद्धत तुमचीच होती. मी फक्त रंग बदलला.

बाबा: बरं. उद्या चौदा सांग. चौदाच्या चौदा. ते दोन कुणाला माहीत नाहीत, तेही.

खारू: आणि कारण?

बाबा: जे आहे ते लिही. घरी बापाच्या कवळ्या लपूनछपून बदलायची सवय होती, म्हणून इथंही तेच केलं. बापाचं पुढं काय झालं तेही लिही. एवढं रकान्यात मावेल का?

खारू: मावेल. पण बाबा, वाचायला उभी राहिले की माझी वाचाच बसते. साधं नावानं हाक मारता येत नाही मला. तिच्यासमोर हे कसं वाचू?

बाबा: अगं, ऐकलंस का? ती तुझी दुधाच्या नोंदीची वही आण. मागची पानं कोरी आहेत ना?

आई: आता वही कशाला?

बाबा: आण गं. आणि माझा वाचायचा चष्मा. टीव्हीवर असेल.

खारू: काय करताय, बाबा?

बाबा: उद्या अकरा जणांसमोर वाचायचं आहे ना तुला? आज दोघांसमोर वाच. एकोणीस आहेत, सराव होईल. तारीख आठवत नसेल तर महिना चालेल. सावकाश सांग, मी लिहून घेतो.

खारू: राहू दे ना. तुम्हाला त्रास होईल.

बाबा: तो माझा मी बघीन. तू परत माझं काही लपवू नकोस. हं, पेन चालतंय. पहिली कुणाची?

खारू: वाचनालयातल्या बाईंची. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती तेव्हाची. वरचे चार दात. दोन नंबर हवा होता. तुम्ही तीन सांगितलात.

बाबा: मी तीन सांगितला. थांब, हळू. मी तीन... सांगितला. लिहिलं. पुढची सांग.